जुडी बांधणारी

जयवंताने पांढऱ्या मातीची एक बाई घडवली होती. आश्विनातल्या एका ढगाळ सकाळी त्या बाईच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी निघाले आणि गालांवरून ओघळत हनुवटीपर्यंत आले. वरचे छप्पर कोरडे होते. मागची भिंत कोरडी होती. बाईच्या पुढ्यात त्याच मातीची टोपली होती, तीही कोरडी होती.

बाई घडवण्याचे कारण साधे होते. गावोगावच्या मुलींच्या शाळांसाठी शिक्षिका तयार करणारा एक वर्ग अकोल्याला चाले. जयवंता त्या वर्गात होती. तिच्या सासरच्या गावात मुलींची शाळा निघायची होती. ती पास झाली तर ती शाळा तिच्याकडे येणार होती. नाही झाली तर परगावची कोणी बाई येणार होती, आणि जयवंता पुन्हा वांग्यांच्या वाफ्यात बसणार होती. गणित आणि भाषा तिला जड गेली नाहीत. अडले ते हस्तकलेत.

हस्तकला शिकवणारे वामनराव मास्तर पुण्याकडचे होते आणि बोलायला फार मोजके. जयवंताने केलेला मातीचा आंबा त्यांनी हातात फिरवून पाहिला आणि खाली ठेवला.

"बाजारात याहून बरा मिळतो," ते म्हणाले.

"मले वाटलं, हुबेहूब पाह्यजे," जयवंता म्हणाली.

वर्ग हसला. आंब्याला कमी आणि 'मले'ला जास्त. मास्तर हसले नाहीत, एवढेच.

दसऱ्याच्या सुटीआधी त्यांनी परीक्षेचे काम सांगितले. विकतची कोणतीही वस्तू वापरायची नाही. घरात, गोठ्यात, शेतात जे पडलेले असेल त्यातून एक माणूस उभा करायचा आणि तो माणूस काहीतरी काम करताना दिसला पाहिजे. सुटी संपली की मूर्ती टेबलावर हवी. जिची नसेल तिने पुढच्या वर्षी यावे.

जयवंताला पुढचे वर्ष नव्हते. शाळा याच वर्षी निघणार होती.

ती घरी आली तेव्हा मळ्यात झेंडूची तोड चालू होती. मळा मोर्णा नदीच्या काठी, गावापासून हाकेच्या अंतरावर. एका अंगाला सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि पालक, मधे वांगी, पाटाच्या कडेने केळीची रांग, आणि यंदा उरलेल्या सगळ्या जागेत झेंडू. पहाटे दंवात फुले तोडायची, टोपल्या भरायच्या, सांबाराच्या जुड्या बांधायच्या, आणि उन्हे वर यायच्या आत गाडी अकोल्याच्या जुन्या शहरातल्या बाजाराकडे लावायची. गाडीवर नवरा शालिकराम आणि सासू पार्बताबाई जात. मागे राहिलेल्या जयवंताने तोडलेल्या वाफ्यांना पाणी द्यायचे, बैलांचे शेण काढायचे, आणि मधल्या वेळात माणूस उभा करायचा.

झेंडूच्या देठांनी तिची बोटे काळी पडली होती. त्याच बोटांनी तिने काम सुरू केले. पहिल्यांदा शेतातली काळी माती घेतली. ती सुकताना हातभर फुटली, जशी शेतात उन्हाळ्यात फुटते तशीच. मग गावाच्या गढीखालची पांढरी माती आणली, तिच्यात गव्हाचा भुसा, बारीक कुटार, आणि शेण घातले आणि पायाने तुडवली. हाडांसाठी पऱ्हाटीच्या, कपाशीच्या वाळक्या काड्या तोडल्या, सांधे अंबाडीच्या सुतळीने आवळले. पहिला सांगाडा बसता बसत नव्हता. मातीचा भार पडला की कमरेतून मोडायचा. तिने तो उपटून टाकला आणि कमरेत तुराटीची दुहेरी कांब घातली.

शेजारच्या नबी पिंजाऱ्याची बायको खुर्शीदबी कुंपणावरून हे सगळे पाहत होती. ती एक गाठोडे घेऊन आत आली.

"हे घे. जुन्या गादीतला कापूस. काळा करून डोक्याले लाव. केस कर का दाढी कर, तुही मर्जी."

"दाढी कायले? बाई हाये ते."

"अजून तं मले बैलच दिसून राहिला," खुर्शीदबी म्हणाली आणि तिच्याच बोलण्यावर पदर तोंडाला लावून हसली.

शालिकरामला पारावर टोमणे बसत होते. तुही बायको शाळा शिकाले गेली अन् भावली खेळत वापस आली, असे लोक म्हणत. तो घरी येऊन तेच सांगे. त्यात राग कमी आणि कंटाळा जास्त असे.

"लोकं काय म्हनतात ते सांगून राहिलो. माह्यं काय नाई."

"तुमचं काय नाई तं सांगता कावून?"

"एकट्यानं कायले आयकू?" तो म्हणाला आणि बैल सोडायला गेला.

बाई हळूहळू बसती झाली. एक मांडी जमिनीवर, दुसरा गुडघा वर, पुढ्यात टोपली, हातात सांबाराची जुडी. जुडीसाठी खरे सांबार दोन दिवसांत सुकले, म्हणून तिने शेपूच्या वाळक्या काड्या खोचल्या. हात दोन आणि कामे तीन, जुडी धरणे, वळवणे आणि सुतळी ओढणे. तेव्हा सुतळीचे एक टोक तिने बाईच्या दातांत दिले. ते दिल्याबरोबर बाईचा चेहरा आपोआप एका बाजूला कलला, ओठ मुडपला, आणि मातीचा गोळा काम करू लागला. जयवंता मागे सरकून बसली. आपण हे कुठे पाहिले आहे, हे तिला त्या क्षणी आठवले नाही.

डोळे सगळ्यात शेवटी केले. बुबुळांना सीताफळाच्या काळ्या बिया. पांढऱ्यासाठी काहीतरी पांढरेशुभ्र हवे होते. चुलीवरच्या खुंटीला वाळक्या भोपळ्याचा, रांगोळीचा तुंबा टांगलेला होता; सासू बाजारात गेली होती. जयवंताने त्यातली चिमूट चिमूट पूड घेऊन बाभळीच्या डिंकात कालवली, डोळ्यांच्या खाचांत भरली, आणि उरली तिची बाईच्या पायाच्या बोटांवर बारीक कडी काढली, जोडवी म्हणून. सवाष्णीचे पाय रिकामे दिसत होते. मग बाई उन्हात ठेवली. ऊन कडक होते. अंग आधीच वाळले होते; दुपारपर्यंत डोळेही खणखणीत वाळले.

संध्याकाळी गाडी परतली. पार्बताबाईने रिकाम्या टोपल्या उतरवल्या, पाय धुतले, ओसरीवर आली आणि बाईसमोर थांबली.

"सुतळी दातात धरली हिनं," ती म्हणाली.

"हो, आत्याबाई. हात पुरत नोयते."

"मैना धरे."

एवढे बोलून ती चुलीकडे गेली. आपण कोणाला घडवले, ते जयवंताला आता कळले.

मैना ही पार्बताबाईची एकुलती लेक. बाळापूरकडे दिलेली. गेल्या दिवाळीला माहेरी आली तेव्हा अंगात बारीक ताप होता. भाऊबीज झाली आणि सासरची बैलांची दमणी दारात उभी राहिली. आठ दिवस राहू दे, असे मैना म्हणाली होती. पण नेण्यासाठी आलेली दमणी माहेरून रिकामी पाठवत नाहीत. पार्बताबाईने ओटी भरली, जयवंताने गाठोडे बांधून दमणीत ठेवले, मैना गेली. हिवताप वाढला आणि महिना उलटायच्या आत ती वारल्याचा निरोप आला. लग्न झालेल्या लेकीचे माहेरी तीन दिवस सुतक, ते पाळले. चौथ्या दिवशी गाडी बाजाराला गेली. त्यानंतर लगेच जयवंता अकोल्याला वर्गात दाखल झाली, आणि घरात पुढे काय झाले ते तिने सुट्यांपुरतेच पाहिले.

हवा पालटली ती दोन दिवसांनी. हस्ताचा पाऊस पडून गेल्यासारखा वाटत होता, तोच पुन्हा ढग उतरले. पाऊस नाही, वारा नाही. कपडे दोरीवर ओले ते ओलेच. त्या सकाळी जयवंता उठली तेव्हा पार्बताबाई ओसरीवर मातीच्या बाईसमोर बसलेली होती. हातात खराटा होता, आणि अंगण झाडलेले नव्हते.

"आत्याबाई?"

पार्बताबाईने नुसते बोट दाखवले.

जयवंताने जवळ जाऊन पाहिले. काळ्या बियांच्या कडेने पाणी जमत होते, जमून जड होत होते आणि घरंगळत होते. तिने छपराकडे पाहिले, कौल चाचपले, भिंतीला हात लावला. मग बोट बाईच्या गालाला लावून जिभेवर ठेवले. खारट लागले आणि जीभ चरचरली. ती झटकन मागे झाली. तिला भीती वाटली, आणि भीती वाटली याचा रागही आला.

फुलांसाठी आलेली शेजारीण तानुबाई हे पाहून टोपली टाकून पळाली. थोड्याच वेळात ओसरी बायकांनी भरली. गावात भुलाबाई बसलेल्या होत्या. घरोघर पोरी टिपऱ्या घेऊन माहेरी आलेल्या देवीची गाणी म्हणत होत्या. त्यामुळे कोणाला फार विचार करावा लागला नाही.

"माय वो! भुलाबाई सासरी जाले नाई म्हनून राहिली!"

"भुलाबाई कायची? नीट पाह्य ना. मैना हाये ते. मैनाच हाये."

"म्या चाखलं," जयवंता म्हणाली. "खारट लागलं."

"आसवं खारट नाई तं काय गोड राह्यतीन?" तानुबाई म्हणाली, आणि बाईच्या दोन्ही गालांना हळद फासून कुंकू लावले.

बायका हात जोडून उभ्या होत्या. हळद पिवळी होती. बघता बघता डोळ्यांखालून ओघळ जिथे आला तिथे ती तांबूस झाली, मग लाल. कोणीतरी किंचाळले.

"रगत! रगत निंगलं!"

त्यानंतर पुरुषही आले. शेषराव हे गावातले मोठे माणूस; पोळ्याला तोरण त्यांच्या हाताने बांधले जाई आणि भांडणे त्यांच्या ओट्यावर मिटत. ते चपला काढून ओसरीवर चढले, ओणवे होऊन निरखले, आणि मागे वळून लोकांना सांगितले की नदीच्या काठी ओटा बांधायचा.

"दसऱ्याच्या दिवशी वाजवत नेऊ. शालिकराम, आता हे तुह्या घरची नाई राह्यली बरं. गावाची झाली."

"दादा, तिले परीक्षेले न्यायची हाये," जयवंता म्हणाली. पुरुषांत सुनेने बोलावे अशी ती जागा नव्हती, म्हणून शब्द फार पटकन आणि फार उंच आवाजात निघाले.

शेषराव तिच्याकडे न बघता शालिकरामला म्हणाले, "देवीची परीक्षा घेते म्हने तुही बायको."

लोक हसले. शालिकरामने मान खाली घातली. जयवंता आत गेली आणि उगाच रांजणातले पाणी एका घागरीतून दुसरीत ओतत राहिली.

लोक पांगल्यावर ती सासूजवळ गेली.

"आत्याबाई, तुमी सांगा त्याइले. सुटी सरून राहिली. हे नाई नेली तं माह्यं वरीस जाते, शाळा जाते."

"दुसरी बनव."

"आता होते का? वाळालेच चार दिस पाह्यजे, अन् वर हे असं आभाळ."

पार्बताबाई फुले निवडत होती. हात थांबला नाही.

"शेषराव नेईन म्हनतो नदीवर, तेही मले नाई पाह्यजे. तू नेईन म्हनतं अकोल्याले, तेही नाई. एक डाव धाडली म्या तिले घरातून. रडत होती तरी धाडली. आता नाई धाडत. कोठीच नाई."

गाठोडे कोणी बांधले होते, हे जयवंताला आठवत होते.

ढग दुपारी विरले, उन्हाची तिरीप ओसरीवर आली, आणि बाई रडायची थांबली. दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडले; एक थेंब आला नाही. लोक नारळ घेऊन येत आणि थांबून थांबून निघून जात. तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आभाळ भरले आणि पुन्हा पाणी आले. बायका म्हणाल्या, लेक आईची वाट पाहते. जयवंताच्या मनात एक वेगळे वाक्य आले: ही आभाळाची वाट पाहते. ते वाक्य तिने कोणाला सांगितले नाही. पण ते तिला एका जागी बसू देईना. ती विहिरीवर जाई आणि घागर न भरता परत येई. झेंडू तोडताना देठाऐवजी फांदी मोडे. शालिकराम म्हणाला, तुले काय झालं? ती म्हणाली, काही नाही. त्याने वाफ्याकडे पाहून विचारले, मग ह्या झाडाला काय झालं?

दसरा उद्यावर आला. ओटा बांधून झाला होता. गाडी बाजारातून परत यायची होती, ओसरीवर कोणी नव्हते. जयवंताने बाईच्या पायांशी साठलेली फुले आणि अक्षता गोळा करायला घेतल्या. कुजलेली पाकळी निघेना, म्हणून तिने ती नखाने खरवडली, आणि बोट ओले झाले.

ती थांबली. फुलांची ओल असेल, म्हणून तिने जागा पदराने पुसली आणि बघत बसली. पायाच्या बोटांवर पांढरी कडी होती. कड्यांभोवती हळूहळू एक काळसर ओली रेघ उमटली, रुंदावली आणि खाली मातीत उतरली.

डोळ्यांतून रडणाऱ्या बाईचे पाय कशासाठी रडतील? एवढी माणसे येऊन गेली, सगळ्यांनी पायांवर डोके ठेवले, आणि पाहिले मात्र तोंडाकडे.

आता तिचे मन भराभर चालू लागले. बाईच्या अंगावर माती सगळीकडे एकच. लुगड्याचा काठ भिंतीच्या चुन्याचा, तो कोरडा. सुतळी कोरडी, केस कोरडे. ओले तेवढेच, जिथे तुंब्यातली पूड लागली. ती उठून चुलीकडे गेली. तुंबा खुंटीवर होता, धुराने काळवंडलेला, तोंडाला फडके आवळलेले. तिने तो काढला आणि हातात धरून उभी राहिली. रांगोळी म्हणजे दगडाचे पीठ. दगडाला ओलीची काय भीती? ती चुलीवर टांगून फडके बांधून ठेवायचे कारण काय?

चिमूट तळहातावर घेऊन तिने पाण्याचा थेंब टाकला आणि चोळले. रांगोळी खरखरते. ही बुळबुळीत लागली, साबणासारखी. मग तिने डब्यातली हळद आणून त्यावर टाकली. तळहात लाल झाला. हळदीचा डाग साबणाने धुवायला गेले की लाल होतो, हे तिने जन्मभर पाहिले होते. गेले चार दिवस ते तिला आठवले नव्हते, कारण गेले चार दिवस कोणी काही धूत नव्हते, सगळे हात जोडून उभे होते.

तरी तिने खात्री करून घेतली. दोन खापऱ्या घेतल्या. एकीवर तुंब्यातली पूड, दुसरीवर शाळेच्या खडूची. दोन्ही रांजणामागच्या गार कोपऱ्यात ठेवल्या आणि वर टोपले झाकले. मग ती गोठ्यात गेली, शेण काढले, परत आली, पाहिले, पुन्हा गेली. गाडीची चाके दारात वाजली तेव्हा खडू खडूच होता, आणि तुंब्यातल्या पुडीचे पाणी झाले होते.

पार्बताबाई आत आली. जयवंताने तिच्यासमोर तुंबा ठेवला.

"आत्याबाई, रांगोळीच्या तुंब्यात खार कोनं भरला?"

"म्या."

केळीचा घड उतरला की त्या घरात केळीचे खांब वाया घालवत नसत. ते वाळवून जाळायचे, राख पाण्यात भिजवून गाळायची, ते पाणी आटवायचे. खाली पांढरी पूड राही. तो पापडाचा खार. पार्बताबाईच्या हातच्या खाराचे पापड फुलतात अशी ख्याती होती. जयवंताला हे सगळे माहीत होते. खार नेहमी बरणीत असे.

"बरनीत कावून नाई?"

"बरनी तानुबाईनं नेली. तुंबा रिकामाच होता."

"अन् रांगोळी?"

पार्बताबाई गुडघ्यावर हात ठेवून जमिनीवर बसली.

"रांगोळी कोठी गेली, आत्याबाई?"

"काढलीच नाई, तं भरू कायले?"

"पाडव्याले?"

"नाई."

"पोयाले? गौराईले?"

"नाई म्हनलं ना. तू पुसे तवा सांगे, कंबर धरली म्हनून. पापडही लाटले नाई. हाताले सवय, म्हनून फागुनात खार काढला, अन् मंग ध्यानात आलं, पापड तं लाटाचेच नाई. फेकू कोठी? भरला तुंब्यात." ती थांबली. "लेकीचं वरीस माहेरी कोनी धरत नाई. मले मालूम हाये. लोकं हासतीन. म्हनून कोनाले सांगतलं नाई. शालिकरामलेही नाई."

शालिकराम दारात बैलांचे जू हातात घेऊन उभा होता. गेले वर्षभर तो त्याच दारातून आत-बाहेर करत होता. उंबऱ्यापुढे रांगोळी आहे की नाही, हे त्याने पाहिले नव्हते. तानुबाईच्या घरून आलेले पापड त्याने खाल्ले होते आणि चांगले झाले असे म्हटले होते.

जयवंताने खापऱ्या आणल्या. हळद टाकून दाखवली. पायाची बोटे दाखवली. सगळे सांगून झाले तरी पार्बताबाई मूर्तीच्या तोंडाकडेच पाहत होती.

"म्हंजे मैना नाई?"

"नाई, आत्याबाई."

"जराशीही नाई?"

खरे उत्तर एकच होते आणि ते देऊन झाले होते. पार्बताबाई उठली. रांजणात पदराचे टोक भिजवले, पिळले, आणि बाईसमोर बसून एका हाताने तिची हनुवटी धरून दुसऱ्या हाताने डोळे पुसू लागली; आधी उजवा, मग डावा. खाचांतली पांढरी पूड निघून पदरावर आली. लहान लेकराच्या डोळ्यांतले काजळ पुसावे तसे ती सावकाश पुसत होती, आणि बराच वेळ पुसत होती. मग पायांची बोटे पुसली.

"आता भरशीन कायनं?"

"भिंतीच्या चुन्यानं."

"भर. अन् चुलीपाशी वाळू दे."

दसऱ्याच्या सकाळी शेषराव डफड्यासह आले. मागे निम्मे गाव होते. ओसरीवर पार्बताबाई उभी होती. मूर्ती तिच्या मागे, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली, गाडीत चढायला तयार.

"वहिनी, सरा बाजूले. मुहूर्त टळते."

"दादा, हळद हाये का तुमच्यापाशी?"

पूजेचे ताट होते; त्यात हळद होती. पार्बताबाईने चिमूटभर घेतली, आपल्या तळहातावर पसरली, वर खार टाकला, पाणी शिंपडले आणि हात शेषरावांच्या नाकासमोर धरला. हळद लाल होत गेली.

"हे पाहा. माह्या हाताले रगत आलं का?"

शेषराव पाहत राहिले. मागून खुर्शीदबीचा आवाज आला, "दादा, आता पार्बताबाईलेच बसवा ओट्यावर. वाजवा, वाजवा." पोरी फिसकन हसल्या. डफडे वाजवणाऱ्याने एक थाप मारली, मग शेषरावांचे तोंड पाहून हात आवरला.

"पन लोकाइनं डोयानं पाह्यलं," शेषराव म्हणाले.

"म्याही पाह्यलं. सगळ्याइच्या आंधी म्याच पाह्यलं. डोयात माह्याच घरचा खार होता." पार्बताबाई वळली. "शालिकराम, गाडी जुप. पोरीले अकोल्याले जाचं हाये."

कोणती पोर, हे तिने सांगितले नाही. शालिकरामने बैल आणले. मूर्ती उचलून गाडीत गवतावर पार्बताबाईने स्वतः ठेवली; कोणाला हात लावू दिला नाही. शेषराव थोडा वेळ थांबले आणि ओट्यावर मारुती बसवू असे म्हणत निघून गेले.

वर्गाच्या टेबलावर मूर्ती रांगेत मांडल्या होत्या: नारळाच्या करवंटीचा म्हातारा, चिंध्यांची दळणारी बाई, शेणाचा मोटकरी. वामनराव मास्तर एकेकापुढे थांबत आले. जुडी बांधणाऱ्या बाईपुढे ते वाकले, दातांतल्या सुतळीकडे पाहिले, तिचा ताण बोटाने तपासला. मग मूर्ती दोन्ही हातांनी उचलून रांगेच्या पुढे ठेवली. सबंध टेबलावर ही एकटी काम करते आहे, असे म्हणाले, आणि जयवंताला कळले की ती पास झाली.

"गालांवर हे लाल डाग कशाचे? पुसता नाही आले?"

"नाही आले, गुरुजी. मातीत मुरले."

"कारण?"

जयवंताने कारण सांगितले. डाग हळदीचे आहेत. हळद खाराने लाल होते. खार डोळ्यांत होता; केळीचा खार ढगाळ हवेतले पाणी ओढून घेतो आणि विरघळतो, म्हणून डोळ्यांतून पाणी आले. तिने तो रांगोळी समजून रांगोळीच्या तुंब्यातून घेतला होता. तुंब्यात रांगोळी नव्हती, कारण तिची सासू लेकीचे वरीस पाळत होती.